निवडीच्या कलमा

अलकाताईच्या बागेत काळं झाड एकही नव्हतं. सावळीला येणाऱ्या पाहुण्यांना त्याचं कौतुक होतं. तिच्या धाकट्या बहिणीला, प्रणिताला, मात्र गेली चार वर्षं त्याचीच धास्ती होती.

कार्तिकातली सकाळ होती. आंबिया बहाराची फळं पिवळी पडू लागली होती. साठ झाडांच्या फांद्या जमिनीकडे झुकल्या होत्या आणि अलकाताई त्यांना बांबूचे टेकू देत फिरत होती.

"टेकू पुरून नाई राहिले यंदा," ती म्हणाली. "आता तुझ्या भाऊजीच्या खाटेचे पाय उपसून लावतो."

"मग भाऊजी कुठं निजतील?"

"झाडाखाली. राखणही होईल."

प्रणिता हसली. हसताहसताच तिनं सवयीनं एक पान उलटलं. घाटपेठच्या कलमांच्या नर्सरीत खुंटावर संत्र्याचे डोळे, म्हणजे कोंब, बांधण्यात तिची वीस वर्षं गेली होती, त्यामुळे झाडाजवळून जाताना पान उलटून पाहिल्याशिवाय तिचा हात राहत नसे. पानाच्या पाठीवर काळ्या माशीच्या अंड्यांची बारीक चक्री होती. त्यात नवल नव्हतं. माशी अंडी कुठेही घालते. या झाडांवर ती फुटतात, पिलं पानाला चिकटतात आणि दोन-तीन दिवसांत वाळून जातात.

तिनं पुढचं पान उलटलं. इथली पिलं वाळलेली नव्हती. मोहरीएवढीही नसतील, पण काळी, तुकतुकीत, कडेला पांढऱ्या मेणाची झालर. त्यांच्यामध्ये एक कोष रिकामा होता. त्याच्या पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर होती. त्या चिरेतून माशी बाहेर पडून उडून गेली होती.

या झाडाचा रस पिऊन एक माशी मोठी झाली होती. असं होणं शक्य नव्हतं.

"काय निघालं वं?" अलकाताईनं दोन झाडांपलीकडून विचारलं.

"काही नाई. धूळ."

तिनं पाच पानं तोडून डब्याच्या पिशवीत टाकली. परत जाताना ताईनं दिलेली संत्री तिथेच विसरली.

*

दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत या पट्ट्यात संत्र्याच्या गोष्टी कोळशीवर येऊन थांबत. काळी माशी पानांतला रस शोषते, तिच्या अंगातून चिकट गोड पाणी झरतं, त्यावर काजळीसारखी बुरशी चढते आणि हिरवीगार बाग चुलीच्या भिंतीसारखी दिसू लागते. त्यासाठी वर्षाला नऊ-नऊ फवारण्या होत. कलमा बांधणाऱ्या बायका डोळ्यावर गुंडाळायची पट्टी दातांत धरत, आणि फवारणीच्या दिवसांत त्यांची तोंडं सोलून निघत.

मग संशोधन केंद्राच्या लोकांना सातपुड्याच्या एका घळीत जंबेरीचं, म्हणजे रानलिंबाचं, एक झाड सापडलं. आजूबाजूचं सगळं रान काजळलेलं असताना ते एकटं स्वच्छ होतं.

संत्र्याचं झाड वरून एक दिसलं तरी ती दोन झाडं असतात. खाली आंबट जंबेरीचा खुंट, त्यावर बसवलेला संत्र्याचा डोळा. मुळं एकाची, फळं दुसऱ्याची. घळीतल्या जंबेरीची करामत मुळांत होती. वर पानाला माशीचं पिलू चावलं की रसातून त्याची वर्दी खाली मुळांपर्यंत जाई. मुळं एक कडू द्रव्य तयार करून वर पाठवत आणि ते पोटात गेलं की पिलाला कात टाकता येत नसे. ते आपल्याच कातडीत अडकून मरे. फळात हे द्रव्य उतरत नव्हतं. शिवाय जंबेरीच्या एका बीतून तीन-चार अंकुर येतात आणि त्यांतले बहुतेक परागाशी संबंध न ठेवता आईच्याच पेशींपासून झालेले असतात. त्यामुळे त्या एका झाडापासून लाखो हुबेहूब खुंट तयार करता आले. लोक त्याला कडू जंबेरी म्हणू लागले. फवारणीचे पंप गोठ्यात गंजले.

केंद्रातल्या डॉ. इंगोले यांनी एक अट मात्र घातली होती. लाखांत एखादी माशी अशी निघणारच, जिला ते कडू द्रव्य पचतं. सगळीच झाडं कडू असली तर जगतील त्या अशाच माश्या. त्या आपापसांत जुगतील आणि त्यांची सगळी पिल्लावळ तशीच निपजेल. पण जवळपास साध्या माश्या भरपूर असतील तर त्या एखादीचा जोडीदार बहुतेक साधाच असेल, आणि मग त्यांची पिलं कडू झाड सोसू शकणार नाहीत. म्हणून पंधरांतलं एक कलम साध्या जंबेरीवर बांधायचं. ते झाड काळं पडेल. पडू द्यायचं, तोडायचं नाही, फवारायचं नाही. इतर चौदा त्याच्या जिवावर जगतात. कुठलं कलम साधं हे कुणालाच कळू नये म्हणून बी पेरतानाच यंत्रानं मिसळलं जाई. दोन्ही रोपं दिसायला सारखी. फरक प्रयोगशाळेतच कळतो, असं इंगोले सर सांगत.

फरक घाटपेठच्या चौदाही बायकांना कळत होता. डोळा बांधण्याआधी खुंटाचे काटे आणि खालची पानं खुडावी लागतात. साध्या जंबेरीचं पान खुडलं की निव्वळ लिंबाचा वास येई. कडूच्या वासामागे ओव्याची किंचित झाक होती. हे त्यांना पहिल्या हंगामातच समजलं होतं. केंद्राला त्यांनी ते सांगितलं नव्हतं, कारण केंद्रानं त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

आणि घाटपेठला एक जुनी रीत होती. हंगाम संपला की डोळे बांधणाऱ्या प्रत्येक बाईला साठ कलमा मिळत, तिनं स्वतःच्या हातानं निवडलेल्या. सरळ खोडाच्या, डोळा नीट जुळलेल्या. 'निवडीच्या कलमा' म्हणत त्यांना. आठ वर्षांपूर्वी प्रणिता वाफ्यांतून फिरली होती आणि सरळ खोड, जुळलेला डोळा पाहतापाहता एकेक पान चुरगळून हुंगतही गेली होती. ताईची जमीन एवढीशी. तिच्या साठांत चार झाडं काळी पडायची, नशीब फुटलं तर आठ-नऊ. तीन हजार झाडं लावणाऱ्याला पंधरांत एक हे गणित बरोबर लागू पडतं. साठवाल्याला त्यात दैव आडवं येतं.

तेव्हा तिला ती चोरी वाटलीच नव्हती. निवड म्हणजे निवड. चार वर्षांपूर्वी झाडं मोठी झाली आणि एकही काळं पडेना, तेव्हा कुठे धास्ती सुरू झाली.

*

"ही पानं कुठली?" चौथ्या दिवशी इंगोले सरांनी विचारलं. तिनं केंद्रात पाठवलेली पानं घेऊन ते नर्सरीच्या पडवीत उभे होते. पन्नाशीचा, मितभाषी माणूस. आज दाढीही केलेली नव्हती.

"पाहणीत सापडली," प्रणिता म्हणाली. "नक्की झाड... शोधावं लागेल."

"शोधा. यातली पिलं मी कडू खुंटाच्या रोपांवर सोडली होती. चाळीसपैकी चौतीस जिवंत आहेत." ते बाकावर टेकले. "आपलं गणित चुकलं, प्रणिताबाई. पंधरांत एक पुरेसं नव्हतं. सोमवारी मी आठही तालुक्यांना कळवणार आहे, की यापुढे चारांत एक झाड साधं."

"चारांत एक काळं? लोक ठेवतील?"

"नाही ठेवणार. कडू जंबेरी उपटतील आणि पुन्हा पंप काढतील." त्यांनी चष्मा पुसला. "पण दुसरं काय सांगू?"

"सर," प्रणिता म्हणाली, "समजा साठ झाडांची बाग आहे आणि तिच्यात एकही साधं झाड नाही. तर तेवढ्यानं असं होईल?"

"साठांनी? छे. शेजारच्या बागांतून साध्या माश्या येतातच की. असं व्हायला हजार-बाराशे झाडं लागतील, एका जागी, सगळी कडू. आणि तसं असणं शक्य नाही. यंत्राची मिसळण मी स्वतः तपासली आहे."

त्या दुपारी प्रणिता चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. आपल्या साठ झाडांनी हे झालेलं नव्हतं.

हात धुताना तिला ते सुचलं आणि नळ तसाच वाहत राहिला.

सावळीच्या मुली घाटपेठला द्यायच्या, ही चालरीत किती पिढ्यांची होती कोण जाणे. ताई तिथं सून म्हणून गेली होती, पण नर्सरीतल्या चौदांपैकी नऊ जणी सावळीच्याच लेकी होत्या.

*

"खरं सांगा," ती म्हणाली. चौदा जणी शेडमध्ये गोणपाटावर बसून खुंटांचे काटे खुडत होत्या. "निवडीच्या कलमा घेताना हुंगून कोणी कोणी घेतल्या?"

चाकू थांबले. लिंबाचा वास तेवढा राहिला.

"काऊन?" गोकुळाबाई म्हणाली. ती सगळ्यांत वडील, साठीला टेकलेली. "तू काय डोळे मिटून घेतल्या होत्या?"

"म्या हुंगून घेतल्या. ताईसाठी."

"मग आम्हाले काय इचारतं?"

"कारण मले वाटलं होतं, मी एकटीच."

शहनाज खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. मग हळूहळू निघालं. गोकुळाबाईनं भावाला दिल्या होत्या. शहनाजनं अब्बांच्या बांधावर लावल्या होत्या. कुणी मामाला, कुणी चुलतभावाला. पहिल्या तीन हंगामांतल्या निवडीच्या कलमा सावळीच्या नऊ जणींनी माहेरी पाठवल्या होत्या. प्रणितानं मनात गुणाकार केला. नऊ गुणिले साठ, गुणिले तीन. सोळाशे वीस, ताईच्या साठ वेगळ्या. ओढ्याच्या दोन्ही काठांनी, बांधाला बांध लागून. शंभरांच्या आतल्या बागा पाहणीत येत नसत, म्हणून कुणाच्या नजरेस आल्या नव्हत्या.

माशीची एवढी सोय कुणी ठरवूनही केली नसती.

"मी सरांना सांगणार आहे," ती म्हणाली.

"तुझ्या बहिणीचं सांग," गोकुळाबाई म्हणाली. "माझ्या भावाचं नाव काढशील तं पाह्य."

"एकट्या ताईच्या साठांनी सर मानणार नाहीत, मावशी. मग चारांत एक येईल. आठ तालुक्यांत. पुन्हा पंप येतील. तुमचं तोंड किती सोललं होतं, भाकर पाण्यात भिजवून खात होत्या तुम्ही."

"माझं तोंड माझं हाय!" गोकुळाबाईनं चाकू आपटला. "झाडं भावाची हायेत. तू मोठी हरिश्चंद्राची लेक आली. आधी हुंगताना कुठं गेलती अक्कल?"

शहनाज खालमानेनं काटे खुडत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तोडतील का गं सगळी?"

"सगळी नाई तोडणार. पण पुष्कळ तोडतील."

"अब्बा मला घरात घेणार नाहीत."

गोकुळाबाई उठून पाण्याच्या माठाकडे गेली आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभी राहिली.

*

रविवारी प्रणिता सावळीला गेली. अलकाताई ओसरीवर बसून संत्र्यांचे नग निवडत होती, मोठी एकीकडे, बारकी एकीकडे. प्रणितानं सगळं सांगितलं. वास, निवड, माशी, उद्याचा सोमवार. अलकाताईचे हात एकदाही थांबले नाहीत.

"किती जातील?" तिनं विचारलं.

"तुझी सगळी. माशी तुझ्याच झाडांवर सापडली. बाकीच्यांची, माझ्या अंदाजानं, तीनांतली दोन."

"हं."

"ताई, मी तुझ्याच भल्यासाठी—"

"मी मागितलं होतं?" आता हात थांबले. "तू कलमा आणल्या. म्या लावल्या. उन्हाळ्यात घागरीनं पाणी घातलं. पाहुणे म्हणत, अलके, तुझ्या बागेत एक काळं झाड नाई, काय पुण्य केलं? अन् मी आपली म्हणो, माझ्या बहिणीचा हात चांगला."

"तू नको म्हणशील तर..." वाक्य पुरं करायची प्रणिताला भीती वाटली. तरी तिनं ते केलं. "तर मी सांगणार नाई."

अलकाताईनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता आणि आणखीही काही होतं. ते काय, हे प्रणिताला कळलं नाही.

"म्हणजे थेही माझ्याच डोक्यावर," अलकाताई म्हणाली. "झाडंही माझी, पापही माझं. जा तू. काय सांगायचं ते सांग. अन् मग इकडं येऊ नको."

सोमवारी सकाळी नऊ वाजता प्रणितानं इंगोले सरांपुढे नकाशा ठेवला. सावळीच्या अठ्ठावीस बागा तिनं पेनानं रंगवल्या होत्या. वासाचंही सगळं सांगितलं.

"वासावरून?" सर म्हणाले. "मी एका तपासणीसाठी तीन आठवडे थांबत होतो आणि तुम्ही वासावरून..." त्यांनी कपाळ चोळलं. "आठ वर्षांत मी एकदाही शेडमध्ये येऊन बसलो नाही."

आठ तालुक्यांचं पत्र त्यांनी फाडलं नाही, खणात ठेवलं. "हे जाणार नाही असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "एखादी माशी ओढ्याच्या बाहेर गेली असेल तर ते काढावंच लागेल."

आठ दिवसांत करवती आल्या. अलकाताईची साठ झाडं फळांसकट तोडून तिथंच जाळली. प्रणिता गेली नव्हती. शहनाजनं सांगितलं, की ओल्या सालीचा धूर दोन दिवस ओढ्यावर बसून होता आणि अलकाताई शेवटचं झाड पडेपर्यंत बांधावर उभी होती. गोकुळाबाईच्या भावानं तिच्याशी बोलणं टाकलं. गोकुळाबाईनं प्रणिताशी टाकलं. शेडमध्ये ती आता पाठ करून बसू लागली. निवडीच्या कलमांची रीत केंद्रानं बंद केली आणि बदल्यात पगार वाढवला. त्यावर एकही बाई खूश नव्हती. सावळीत यापुढे तीनांत एक कलम साधं, असा नियम झाला.

प्रणिता रोज सावळीच्या भोवतालच्या बागांमधली पानं उलटत होती. माघ गेला, फाल्गुन गेला. चैत्रातल्या नवतीवर, कोवळ्या पालवीवर, अंड्यांच्या चक्र्या दिसल्या, पिलं दिसली, वाळली. बाहेर एकही चिरलेला कोष सापडला नाही, पण नाही सापडला याचा अर्थ नाही असा होत नाही, हे सर तिला पुनःपुन्हा सांगत. नऊ महिन्यांत ताईचा एक फोन नव्हता.

*

श्रावणात कलमांचं वाटप सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सावळीचा छोटा टेम्पो फाटकात थांबला आणि ड्रायव्हरच्या बाजूनं अलकाताई उतरली. वाळली होती. प्रणिताकडे न पाहता ती शहनाजला म्हणाली, "साठ पाह्यजे. वीस साधी, चाळीस कडू. कायदा तसाच हाय ना आता सावळीसाठी?"

"तसाच आहे, ताई. पण मिसळलेलीच मिळतात. कोणती कोणती ते—"

"थे नकोच हाय मले." मग ती प्रणिताकडे वळली. "तुले वास येते ना?"

"येतो."

"मग तू दूर उभी राय. तुझं तोंड पाहून मले समजन, कोणतं काळं अन् कोणतं नाई. मग माझं मन त्या वीस झाडांवर बसणार नाई."

प्रणिता विहिरीपलीकडे जाऊन उभी राहिली, पाठमोरी. मागे कलमांचे क्रेट घासत होते. शहनाज मोजत होती. गोकुळाबाईनं काहीतरी विचारलं आणि ताईनं उत्तर दिलं. साठ मोजून व्हायला फार वेळ लागला.

पावलं जवळ आली. अलकाताई येऊन तिच्याशेजारी विहिरीच्या कठड्याला टेकली. दोघी पाण्याकडे पाहत राहिल्या.

"संपलं का गं हे?" अलकाताईनं विचारलं.

"माहीत नाई. आश्विनात माशीची मोठी पिढी येते. तेव्हा कळेल. सरांचं पत्र अजून खणात आहे."

"हं." टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. ताईनं त्याला हातानंच थांब म्हटलं. "त्या दिवशी पान उलटलं तेव्हाच तुझं तोंड पाह्यलं होतं म्या. धूळ म्हणाली तू. मले समजलं होतं, धूळ नाई. आठ दिवस वाट पाह्यली, आज सांगशील, उद्या सांगशील. रोज फोन उशाशी घेऊन निजो." ती थांबली. "झाडाचं नाई एवढं लागलं."

प्रणिता कठड्यावर तिच्याजवळ सरकली.

"आश्विनात ये," अलकाताई म्हणाली. "माझ्या बाजूच्या बागांची पानं आपण दोघी पाहू. अन् काही निघालं तं तिथंच सांग. झाडाखाली उभी असतानाच."